स्पीकर वायरसाठी १८ हजार? बडोद्यातल्या जाणकारांनी जरा सांगा

कारेलीबाग_श्रोता

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. घरी बुकशेल्फ स्पीकर आहेत, ८ ओमचे, पण मागे बारीक अक्षरात मिनिमम ४ ओम असंही लिहिलंय, ॲम्प ५० वॅटचा इंटिग्रेटेड आहे. ऐकणं बहुतेक खयाल, ठुमरी, थोडं नाट्यसंगीत, आणि रात्री जुन्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणांतून फैयाज खाँसाहेब. आवाज बरा आहे पण बास कधी फुगतो, कधी गायबच होतो, आणि तार सप्तकात गेलं की जरा टोचतो.

एका दुकानात दाखवायला गेलो तर तिथले म्हणाले की साहेब तुमची वायरच खराब आहे, तीन मीटरची जोडी १८ हजारांची घ्या, ऑक्सिजन फ्री तांबं आहे, वायरीवरच्या बाणाच्या दिशेने लावायची, आवाजाचा पडदाच उघडेल. आत्ता माझ्याकडे ॲम्पबरोबर आलेली पातळ पारदर्शक वायर आहे, आतलं तांबं ठिकठिकाणी हिरवं पडलंय. डावा स्पीकर ॲम्पपासून अडीच मीटरवर, उजवा मात्र दाराला वळसा घालून जातो म्हणून त्याला सहा मीटर लागते, म्हणजे त्यांची तीन मीटरची जोडी मला पुरणारच नाही, पुढच्या मापाची २६ हजारांची आहे म्हणे.

पैसे अगदीच नाहीत असं नाही, पण रिटायर झाल्यावर एवढी रक्कम काढताना विचार करावाच लागतो. १८ किंवा २६ हजारांच्या वायरने खरंच फरक पडतो का? नसेल पडत तर काय घ्यावं, कुठल्या मापाचं, हे स्पष्ट सांगा. हो आणि नाही दोन्ही बाजू ऐकायची तयारी आहे.

---

मकरपुरा_सोल्डर

काका, मी मकरपुऱ्याला ॲम्प दुरुस्त करतो, गेली बरीच वर्षं हेच काम आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी तुमची हिरवी वायर. ती बदलाच, त्याबद्दल दुमत नको. स्वस्त पारदर्शक पीव्हीसीत तांबं हिरवं पडतं, टोकाला तो थर आला की स्क्रूखाली नीट कॉन्टॅक्ट बसत नाही. पण ती बदलायची म्हणजे १८ हजार घालायचे असा अर्थ निघत नाही, आणि दुकानदार नेमकं हेच दोन मुद्दे एकात एक मिसळतात.

आता हिशोब बघा. ॲम्पबरोबर येणारी वायर साधारण १४/७६ किंवा फार तर २३/७६ असते. हे आकडे आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात रोज चालतात, पहिला आकडा म्हणजे आत किती तारा, दुसरा म्हणजे एकेक तार किती जाड, ७६ म्हणजे ०.००७६ इंच. १४/७६ म्हणजे जेमतेम ०.४ स्क्वेअर एमएम तांबं. तुमचा उजवा स्पीकर सहा मीटरवर, म्हणजे जाऊन येऊन बारा मीटर वायर, तिचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, होतो अर्धा ओम. स्पीकर काही सगळ्या स्वरांना ८ ओम नसतो, कुठे ४ वर येतो, कुठे २० च्या वर जातो, आणि म्हणून हा अर्धा ओम सगळीकडे सारखा कापत नाही, जिथे ४ ओम आहे तिथे साधारण १ डेसिबल खातो आणि जिथे २० आहे तिथे फक्त ०.२. म्हणजे स्पीकरचा स्वभावच थोडा बदलला. हा फरक कान लावून ऐकणाऱ्याला कळू शकतो, मी नाकारणार नाही.

आता तिथे अडीचची वायर टाका, म्हणजे २.५ स्क्वेअर एमएम. बारा मीटरला ०.०९ ओम. ४ ओमच्या जागी घट ०.२ डेसिबलच्या आत, २० च्या जागी जवळजवळ शून्य. प्रश्न मिटला. १८ हजारांची वायर याच्यापुढे काय करणार? समजा तिने रेझिस्टन्स अगदी शून्यावर आणला, तरी तुम्हाला मिळणार या उरलेल्या ०.२ मधलं काहीतरी, तेही एखाद्याच पट्ट्यात.

आणि एक गोष्ट लोक विसरतात की वायर स्पीकरच्या टर्मिनलला संपत नाही. आत क्रॉसओव्हरची (खालचे स्वर मोठ्या पडद्याला म्हणजे वूफरला आणि वरचे छोट्याला म्हणजे ट्विटरला वाटून देणाऱ्या सर्किटची) कॉइल आहे, तिच्यात कित्येक मीटर तांब्याची तार गुंडाळलेली, तिचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओम सहज असतो, त्याच्यापुढे व्हॉइस कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी कॉइल, केसासारखी बारीक तार, ८ ओमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स मोजला तर ६ ओमच्या आसपास भरतो. बाहेर दोन बोटं जाड केबल लावली तरी करंट शेवटी त्या बारीक तारेतूनच जातो.

नियम असा धरतात की जाऊन येऊन वायरचा रेझिस्टन्स स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. ८ ओमला ०.४ ओम. अडीचच्या वायरने ही मर्यादा २८ मीटर अंतरापर्यंत पाळली जाते, स्पीकर ४ ओमचा धरला तरी १४ मीटर. तुमचे सहा आहेत.

---

अलकापुरी_हायफाय

मी दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे महाग केबल आहे, किंमत लिहीत नाही पण १८ पेक्षा जास्तच. ट्यूब ॲम्प आहे, ४ ओमचे फ्लोअरस्टँडर (जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर) आहेत, आणि केबल बदलल्यावर मला फरक ऐकू आला, सतारीच्या चिकारीच्या तारा मोकळ्या झाल्या, मंद्रातला आवाज आवरला गेला. हा अनुभव खोटा म्हणून कोणी झटकून टाकला तर मला पटणार नाही. आयुष्यभर मैफली ऐकलेला माणूस आपल्या कानांवर विश्वास ठेवणारच, नाहीतर संगीत ऐकायचंच कशाला.

दुसरं, तयार केबलला टोकं कारखान्यात बसवलेली असतात, बनाना प्लग घट्ट बसतात, वरचं कव्हर मऊ असतं, कोपऱ्यात वळते, वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. त्याचीही किंमत असते. आकड्यांनी सगळं सांगता येतं असं मी मानत नाही, पण काकांनी कर्ज काढून घ्यावी असंही मी म्हणणार नाही. आधी दुकानातून दोन दिवस घरी मागून ऐका, नाही आवडली तर परत करा, देणारे देतात.

---

मकरपुरा_सोल्डर

दादा, तुम्हाला ऐकू आलं हे मी मान्यच करतो. फक्त विचारतो की आधी कुठली वायर होती? ४ ओमचे स्पीकर आणि आधीची पातळ असेल तर फरक खरा आहे, मोजूनही दिसेल. तो जाडीचा आणि स्वच्छ टोकांचा फरक. तेवढीच जाड, साधी तांब्याची वायर त्याच वेळी लावून बघितली होती का, हा माझा प्रश्न आहे.

उलट एक सावधगिरीचं सांगतो. काही महाग केबल बारीक बारीक तारांची वेणी घालून बनवतात, त्यांचा कपॅसिटन्स (दोन कोरांमध्ये विजेचा भार साठवण्याची क्षमता) फार वाढतो. बहुतेक ॲम्पना चालतं, आउटपुटला छोटी कॉइल असते ती सांभाळून घेते, पण काही ॲम्पमध्ये ती कॉइल नसते, आणि अशा ॲम्पला ही वेणीवाली केबल जोडली की तो कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट होतो, म्हणजे आपोआप वाजत राहतो, काही न वाजवता हीटसिंक तापतं, कधी आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. माझ्या टेबलावर असे सेट आलेत. जास्त पैसे घातले म्हणजे निदान नुकसान तरी नाही, हेही इथे खरं नाही.

---

वाघोडिया_रोड

मी वायरच्या कारखान्यात क्वालिटीत आहे (कंपनीचं नाव लिहिणार नाही). बडोद्यात बसून वायरसाठी एवढी घालमेल बघून राहवत नाही, अहो इकडे वाघोडियाला आरआर केबल, तिकडे हालोलला पॉलीकॅब, देशभर जाणारी वायर आपल्या अवतीभवती बनते.

ऑक्सिजन फ्री तांब्याबद्दल. घरच्या वायरीत जे तांबं वापरतात ते आधीच ९९.९ टक्के शुद्ध असतं, त्याशिवाय ते ओढून इतकं बारीक करताच येत नाही, मधेच तुटतं. तांब्याच्या वाहकतेचं आंतरराष्ट्रीय माप १९१३ साली ठरलं, त्यात चांगल्या ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) तांब्याला १०० धरलंय. ऑक्सिजन फ्री तांबं १०१ च्या आसपास. एक टक्का. चांदी घेतली तरी साधारण ६ टक्के जास्त. म्हणजे चांदीच्या वायरीने जे मिळतं ते तांब्याची वायर सहा टक्के जाड घेतली की मिळतं.

आता त्या एका टक्क्याचं काय होतं बघा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. आमच्याकडे टेस्टिंग करताना रीडिंग २० अंशांवर आणून लिहावं लागतं, नाहीतर हिवाळ्यात पास झालेली कॉइल उन्हाळ्यात फेल दिसेल. बडोद्यात मे महिन्यात दुपारी ४२ अंश होतात, २० च्या मानाने रेझिस्टन्स साडेआठ टक्क्यांनी वाढला. अडीच अंश तापमान वाढलं की तुमचं ऑक्सिजन फ्री साध्या तांब्याच्या बरोबरीला आलं. पंखा चालू-बंद केल्यावर गाणं बदललं असं कोणी म्हणत नाही ना.

बाणाबद्दल एवढंच की स्पीकरच्या वायरीत एसी वाहतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. ॲम्प आणि प्लेअरच्या मधल्या शिल्डवाल्या (वरून तारांच्या जाळीचं संरक्षण असलेल्या) केबलला बाणाचा अर्थ असू शकतो, तिथे कधी कधी शिल्ड एकाच टोकाला जोडतात आणि ते टोक कुठलं हे बाण सांगतो. स्पीकर वायरला शिल्डच नसते, तिथे बाण छापील आहे.

खरी फसवणूक दुसरीकडे होते आणि त्यासाठी डोळे उघडे ठेवा. ऑनलाइन जाड-जाड दिसणारी स्पीकर वायर स्वस्तात मिळते, ती पुष्कळदा अॅल्युमिनियमची असते, वरून तांब्याचा मुलामा. अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ-पासष्ट टक्केच करंट नेतं, म्हणजे अडीच म्हणून घेतली ती प्रत्यक्षात दीडचं काम करते. शिवाय टोकाला मुलामा निघाला की हवा लागून थर धरतो, स्क्रूखाली दबून ढिली होते. ओळखायची कशी? एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर मुलामा. आणि हातात घेतली की वजनच सांगतं, तांब्याची घनता अॅल्युमिनियमच्या तिप्पट आहे. उलटही होतं बरं का, टिनचा लेप दिलेली तांब्याची वायर वरून पांढरी आणि आत लाल असते, ती उत्तम, ती नाकारू नका.

नवी ९० मीटरची कॉइल घेणार असाल तर अजून सोपं. दुकानातच मल्टिमीटर लावा. ०.१ ओम साधा मीटर नीट दाखवत नाही कारण त्याच्या प्रोबचाच तेवढा असतो, पण पूर्ण कॉइलची दोन टोकं मोजली तर आकडा मोठा मिळतो. प्रोब एकमेकांना टेकवून येतो तो आकडा वजा करा. अडीचच्या वायरीला भारतीय मानकाची मर्यादा किलोमीटरला ७.४१ ओम, म्हणजे ९० मीटरला ०.६७. मीटरवर ०.७ च्या आसपास दिसायला हवं, उन्हाळ्यात थोडं जास्त. १ ओम दिसला तर कॉइल तिथेच ठेवून बाहेर पडा. कव्हरवर आयएसआयचा मार्क आणि आयएस ६९४ छापलेलं असेल तर बहुतेक वेळा हे मोजायचीही गरज पडत नाही.

---

मंडप_साउंड_बडोदा

नवरात्रात गरब्याचे साउंड लावतो, वर्षभर लग्नं आणि सभा. आमच्याकडे वायरचा प्रश्न खरा असतो, घरात तो प्रश्नच नाही असं मला वाटतं.

मैदानात ॲम्प स्टेजमागे, बॉक्स चाळीस मीटरवर. अडीचच्या वायरने जाऊन येऊन ऐंशी मीटर झाली, अर्ध्या ओमच्या वर, आणि ८-८ ओमचे दोन बॉक्स पॅरलल म्हणजे ४ ओम, शंभर वॅटमधले बारा वॅट वायरच गिळते. मोठा ॲम्प असला की तेच शेकड्यात जातं, बास पोकळ होतो, नाचणाऱ्यांच्या पायाला ठेका लागत नाही आणि आयोजक आपल्यालाच ओरडतात. म्हणून आम्ही चारची वायर वापरतो, किंवा ॲम्प उचलून बॉक्सजवळ ठेवतो आणि लांबचा प्रवास सिग्नलच्या बॅलन्स्ड केबलला (लांबवर गेली तरी बाहेरची खरखर न पकडणाऱ्या) करू देतो, हल्ली तर बॉक्समध्येच ॲम्प असलेले आले. पण इतक्या मोठ्या कामातही कोणी १८ हजारांची जोडी लावत नाही. आम्ही वायर घेतो दणकट, रबरासारख्या जाड कव्हरची, माणसांनी तुडवली तरी टिकेल अशी, आणि टोकाला स्पीकॉन, फिरवलं की लॉक होतं, कोणाच्या पायात अडकून निघत नाही. पैसे तिकडे जातात.

काका, तुम्ही लिहिलंय बास कधी फुगतो कधी गायब होतो. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे तर नाहीत? आम्ही लावताना पहिलं तेच बघतो. एक स्पीकर उलटा असला की दोघांचे पडदे विरुद्ध हलतात, बास एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मधे उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. पारदर्शक वायरीत दोन्ही कोर सारखे दिसतात त्यामुळे हे फार वेळा होतं. ॲम्प बंद करा, वायर ॲम्पकडून काढा, दीड व्होल्टचा साधा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा. ज्या कोरला सेलचा प्लस लावला आणि वूफरचा पडदा बाहेर आला तो कोर प्लस. दोन्ही स्पीकरचं असं बघून घ्या.

---

दांडियाबाजार_तंबोरा

मला ओम-बिम कळत नाहीत, मी गाणं शिकवते आणि ऐकते. पण काकांनी जे लिहिलंय, बास फुगणं आणि तार सप्तक टोचणं, ते वाचून मला वायरपेक्षा खोलीची शंका येते म्हणून लिहितेय.

काका, स्पीकर कुठे ठेवलेत? शोकेसमध्ये? कोपऱ्यात? खाली टाइल्स आहेत का, समोर काच आहे का? माझ्या घरी तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण लावलं की जव्हारी, म्हणजे तारांचा तो झंकार, ऐकू यायची ती जणू काही पत्र्याच्या डब्यातून. वायर तीच, ॲम्प तोच, फक्त स्पीकर शोकेसमधून बाहेर काढून भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे स्टँडवर ठेवले, ट्विटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे, खाली सतरंजी अंथरली आणि बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं. खर्जातला सा वेगळा आणि जोडीच्या तारा वेगळ्या असं स्पष्ट ऐकू यायला लागलं. विद्यार्थ्यांना तंबोरा लावायला शिकवताना मी आता तेच ध्वनिमुद्रण ऐकवते, कारण गंधार आपोआप कसा निघतो ते स्पीकरवरही दाखवता येतं. त्याआधी येत नव्हतं.

बडोद्यातल्या हल्लीच्या फ्लॅटमध्ये सगळं गुळगुळीत असतं, विट्रिफाइड टाइल्स, पीओपी, काचेच्या सरकत्या खिडक्या, टाळी वाजवली की घुमते. जुन्या वाड्यांत लाकडी छत, गाद्या, लोड, माणसंही जास्त, आवाज आपोआप बसायचा. तुमच्या हॉलमध्ये एकदा मधे उभं राहून टाळी वाजवून बघा.

---

मकरपुरा_सोल्डर

ताईंनी फार महत्त्वाचं सांगितलं. त्याला आकड्याची जोड देतो. १२ फुटाच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पहिली घुमणारी फ्रिक्वेन्सी ४७ हर्ट्झच्या आसपास येते, १० फुटाची बाजू असेल तर ५६. तिथे खोली एका जागी १० डेसिबल वाढवते आणि चार फुटांवर तेवढंच कापते. म्हणून काका तुम्हाला खुर्चीवर बसलं की बास फुगलेला आणि सोफ्यावर बसलं की गायब असं होत असेल. आपण इथे वायरच्या ०.१-०.२ डेसिबलवर भांडतोय आणि खोली १०-१५ ने खेळतेय. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याला मोजायचा मायक्रोफोन लावला की हे सगळं स्क्रीनवर दिसतं. कोणाकडे मायक्रोफोन असेल तर काकांकडे घेऊन जा, एक रविवार लागेल.

---

अलकापुरी_हायफाय

मकरपुरा, तुमचा प्रश्न रास्त होता. आधीची वायर पातळच होती, आणि तेवढीच जाड साधी वायर शेजारी लावून मी ऐकलेली नाही. पण तशी तुलना करायची तर करायची कशी? मला माहीत असेल की आता महाग लागलीय तर मन तिकडे झुकणार हे मलाही कळतं. माझी तयारी आहे, मला खरंच जाणून घ्यायचंय.

---

मकरपुरा_सोल्डर

दादा, हे वाचून बरं वाटलं. करायचं असं.

दोन वायरी, तुमची आणि तेवढ्याच लांबीची चारची साधी. दुसरा कोणी माणूस पडद्याआड, तो नाणं उडवून ठरवणार कुठली लावायची, तुम्हाला सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. आवाजाची पातळी अगदी सारखी हवी, कारण किंचित मोठं वाजलेलं कानाला नेहमी जास्त चांगलं वाटतं, मोठं म्हणून नाही, स्पष्ट म्हणून वाटतं, तिथेच सगळे फसतात. पातळी जुळवायला ४०० हर्ट्झचा टोन वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा, १ टक्क्याच्या आत आणा, ते झालं ०.१ डेसिबल. मग वीस-तीस सेकंदांचा तोच तुकडा, लगेच बदलून. मधे चहा घेऊन आलात तर कानाची आठवण टिकत नाही. १६ वेळा करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली, म्हणजे काहीतरी खरंच ऐकू येतंय असं मी मानेन आणि इथे येऊन तसं लिहीन.

२००७ साली अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने जाहीर केलं होतं की ७,२५० डॉलरची स्पीकर केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक जो फक्त ऐकून ओळखेल त्याला दहा लाख डॉलर. एक नामवंत समीक्षक तयारही झाला होता, पण केबल कंपनीने माघार घेतली आणि बोलणी फिसकटून चाचणी झालीच नाही. लोक हा पुरावा म्हणून सांगतात, मी सांगणार नाही, न झालेल्या चाचणीने काही सिद्ध होत नाही. म्हणून तर म्हणतो, आपण बडोद्यात करू. अलकापुरीत जमायचं असेल तर मीटर आणि वायर मी आणतो.

---

अलकापुरी_हायफाय

या. दिवाळीनंतरचा कुठलाही रविवार. ताई, तुमचं तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण घेऊन तुम्हीही या, ते ऐकायची इच्छा आहे.

---

कारेलीबाग_श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

सेलवाली तपासणी आजच केली. उजवा स्पीकर उलटाच जोडलेला होता! मागे घर रंगवताना रंगाऱ्याने सगळं काढून परत लावलं होतं तेव्हापासून तसंच असणार. सरळ केल्याबरोबर बास आला आणि खाँसाहेब दोन स्पीकरांच्या बरोबर मधे येऊन बसले, बायको आतून विचारत आली की नवीन काय आणलं. तार सप्तक अजून थोडं टोचतं, स्पीकर शोकेसमध्येच आहेत, ताई, तुम्ही बरोबर ओळखलंत, समोर काचेचा सरकता दरवाजा आहे. स्टँड बनवायला सुताराला सांगितलंय आणि काचेला जाड पडदा लावायचा ठरलाय. १८ हजारांची वायर घेणार नाही. साधी अडीचची, दोन कोरवाली, तांब्याची, आयएसआय मार्कवाली घेतो.

दोनच शंका. टोकाला काय लावू, नुसती तार पिळून स्क्रूखाली दाबू का? आणि एक स्पीकर अडीच मीटरवर, एक सहावर, तर दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात का? दुकानदार म्हणत होते की नाहीतर एका बाजूचा आवाज उशिरा येतो.

---

वाघोडिया_रोड

नुसती पिळलेली तार चालते, पण एक जरी केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला लागला तर ॲम्प जातो. इलेक्ट्रिशियनकडे पिन थिंबल मिळतात, अडीचच्या मापाचे, दाबून बसवा, किंवा तुमच्या टर्मिनलला भोक असेल तर बनाना प्लग. तारेच्या टोकाला सोल्डर लावून मग स्क्रूखाली दाबू नका, सोल्डर मऊ असतं, दाबाने हळूहळू सरकतं आणि काही महिन्यांनी स्क्रू ढिला पडतो. आणि दोन कोर वेगळ्या रंगाचेच घ्या, लाल-काळा, म्हणजे पुढच्या रंगकामानंतर परत उलटं होणार नाही.

---

मकरपुरा_सोल्डर

लांबी सारखी नको. वायरीत सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने धावतो, साडेतीन मीटर जास्त म्हणजे सेकंदाचे वीसेक अब्जांश उशीर. तुम्ही खुर्चीत एक सेंटिमीटर डावीकडे सरकलात तर हवेतून येणाऱ्या आवाजाला त्याच्या हजारपट जास्त फरक पडतो. रेझिस्टन्सचा फरक ०.०५ ओम, म्हणजे ०.०५ डेसिबल. जेवढी लागते तेवढी कापा, फक्त स्टँडवर स्पीकर पुढे-मागे सरकवायला दोन्हीकडे अर्धा-एक मीटर जास्त ठेवा. ती जास्तीची वायर मागे गुंडाळी करून टाकली तरी काही बिघडत नाही, दोन्ही कोर शेजारी शेजारी असतात आणि करंट उलट दिशांना जातो, एकाचं चुंबकीय क्षेत्र दुसरा खोडून टाकतो.

स्टँड आले की स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर ठेवून सुरुवात करा आणि दर वेळी चार-चार इंच हलवून तोच खर्जाचा तुकडा ऐका. जिथे बास फुगत नाही तिथे जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा, झाडताना हलले तरी परत सापडेल.